वाचकांचे प्रश्न : पिसं रेस्टला घासतात तेव्हा

या वेळच्या टपालात कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याच्या ड्रॉप-अवे रेस्टची पत्रं सगळ्यात जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे, पिसं घासतात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे सदर या एकाच विषयाला दिलं आहे. ज्यांनी ही रेस्ट हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाण ज्यावर टेकतो तो एक छोटा दुबेळका हात असतो. धनुष्य ओढल्यावर तो वर असतो, बाण सुटला की खाली पडतो आणि मागून येणाऱ्या पिसांना वाट मोकळी होते. पडायला उशीर झाला किंवा पडून परत उसळला, की पीस त्याला लागतं. पिसं म्हणजे हल्ली प्लास्टिकच्या व्हेन, पण रेंजवर सगळे पिसंच म्हणतात, म्हणून इथेही तेच. शिवाय खाली ‘दोरी’ म्हटलं की ती रेस्टची बारीक दोरी समजावी. धनुष्याच्या प्रत्यंचेला आपण स्ट्रिंगच म्हणू.

कागदातून बाण मारला की शेपटाकडचं भोक टोकाच्या भोकापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर वर फाटतं. रेस्ट २ मि.मी. वर घेतली, मग नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर बाण बसतो ती जागा) खाली आणला. फाट जशीच्या तशी. आता काय हलवायचं? (सातारा)

काहीच हलवू नका. तुम्ही केलेले दोन्ही बदल शेपूट वर फाटत असताना करायचेच असतात. पण रेस्ट २ मि.मी. हलूनही फाट बदलत नाही, याचा अर्थ ती रेस्टच्या उंचीमुळे पडलेलीच नाही. बाणाचं शेपूट कुठेतरी ठोकर खाऊन वर उडतंय. अशा वेळी रेस्ट फिरवत बसलं तर जुळलेलं सेटिंग हातचं जातं आणि ठोकर तिथेच राहते. आधी रेस्ट मूळ जागी आणा.

मग एका बाणाची पिसं सोलून काढा आणि तो त्याच कागदातून, तेवढ्याच अंतरावरून, म्हणजे साधारण २ मीटरवरून मारा. बिनपिसाच्या बाणाने स्वच्छ गोल भोक पाडलं आणि पिसांच्या बाणाने फाडलं, तर घासण्याबद्दल शंका उरत नाही. दोघांनी सारखंच फाडलं तर दोष बहुधा रेस्टचा नाही. तेव्हा नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची खाच, पाहा. डी-लूपच्या (स्ट्रिंगवर बांधलेल्या, धरून ओढायच्या फासाच्या) आतल्या दोन गाठी नॉकला घट्ट चिकटून असतील, तर फुल ड्रॉला, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढल्यावर, स्ट्रिंगचा कोन तीव्र होतो, नॉक चिमटीत सापडतो आणि बाण रेस्टवरून किंचित उचलला जातो. नॉक आणि गाठ यांच्यात अर्धा मि.मी. तरी हवा. त्यानंतर दोन्ही कॅम (धनुष्याच्या टोकांची चाकं) एकाच वेळी थांबतात का ते बघा, आणि मग बाणाचा स्पाइन, म्हणजे ताठपणा.

घासतं कुठे, ते पावडर सांगते. पायांवर फवारायची पावडर किंवा ड्राय शॅम्पू घ्या. बाणाचा मागचा १५ सेंटीमीटरचा भाग २५-३० सेंटीमीटर अंतरावरून पातळ पांढरा होईल एवढा फवारा. थर जाड झाला तर तो धक्क्यानेच झडतो. फवारा नसेल तर पिसांच्या कडांना लिपस्टिक लावा आणि डाग रेस्टवर, शेल्फवर (रेस्टखालच्या धनुष्याच्या कट्ट्यावर), केबलवर (कॅमना जोडलेल्या, स्ट्रिंगव्यतिरिक्तच्या दोरांवर) कुठे उमटतो ते शोधा. पिसांना बोट न लावता बाण नॉक करा आणि ३ मीटरवरून मारा. लक्ष्य असं भक्कम हवं की पिसं आत शिरणार नाहीत. पिसं फोममध्ये घुसली तर तिथेच पुसली जातात आणि मग तुम्ही निरपराध रेस्टला दोष देत बसता.

आता खुणा वाचा. खालच्या दोन पिसांच्या कडा पुसल्या आहेत आणि दुबेळक्याच्या टोकांवर पांढरं लागलंय, तर हात वाटेत आहे. एकाच बाजूचं पीस तिरकं खरवडलंय, तर ती केबल आहे. उजव्या हाताच्या धनुष्यात केबल बाणाच्या उजवीकडून जातात, त्यामुळे खूणही उजव्या पिसावर. पिसांच्या पुढे, बाणाच्या पोटावर एक सरळ रेघ दिसेल. तिने घाबरून जाऊ नका, हात बाणाला तिथपर्यंत टेकू देत होता एवढाच तिचा अर्थ. हे तीन बाणांवर करा. तीनपैकी एकाच बाणावर खूण आली, तर त्या बाणाचा नॉक फिरलेला असतो किंवा एखादं पीस सुटत आलेलं असतं.

दोरी आखूड करायची की लांब? एक जण म्हणतो आखूड कर, दुसरा म्हणतो सैल सोड. (पुणे)

दोघेही आपापल्या धनुष्यापुरते बरोबर असू शकतात. ड्रॉप-अवे रेस्टची दोन घराणी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो.

पहिलं घराणं केबलवर चालणारं. यात दोरी त्या केबलला बांधलेली असते जी ओढताना खाली जाते. केबल खाली गेली की दोरी ताणली जाते आणि हात वर उभा राहतो. बाण सुटला की केबल परत वर येते, दोरी सैल पडते आणि रेस्टची स्प्रिंग हाताला खाली आपटते.

दुसरं घराणं लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दांडीवर चालणारं. इथे उलट: स्प्रिंग हाताला कायम वर ढकलते आणि लिम्बला बांधलेली दोरी त्याला खाली धरून ठेवते. ओढल्यावर लिम्ब वाकतो, दोरी सैल होते, हात आपोआप वर येतो. बाण सुटला की लिम्ब सरळ होतो आणि दोरीने हाताला खाली खेचतो.

तुमची रेस्ट कोणत्या घराण्यातली हे कळायला पुस्तिका लागत नाही. धनुष्य ओढलेलं नसताना दोरी ढिली आहे आणि हात खाली लवंडलाय, तर केबलवाली. दोरी ताठ आहे आणि हात बोटाने वर उचलत नाही, तर लिम्बवाली. काही रेस्टना हात अंगठ्याने वर करून अडकवायची खिट्टी असते; त्या बहुतेक केबलवाल्याच, फक्त शिकारीत बाण पडू नये म्हणून खिट्टी दिलेली. आपल्याकडे रेंजवर तिचा फार उपयोग नाही, पण खिट्टी अर्धवट अडकली तर हात अडतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता दोरीचं बोलू. केबलवाल्या रेस्टमध्ये दोरी आखूड असेल तर ओढताना हात लवकर वर येतो. जो लवकर वर येतो तो बाण सुटल्यावर उशिरा खाली जातो, आणि पीस लागतं. तिथे दोरी लांब करायची. मर्यादा एवढीच, की फुल ड्रॉला हात पूर्ण उभा आणि दोरी ताठ हवी. हात अर्धवट उभा राहिला तर प्रत्येक बाण वेगळ्या उंचीवरून निघतो. लिम्बवाल्या रेस्टमध्ये दोरी सैल असेल तर लिम्ब सरळ होता होता शेवटीच ती हाताला ओढते, आणि कधी पूर्ण खाली आणतच नाही. तिथे दोरी आखूड करायची. मर्यादा: फुल ड्रॉला दोरी डोळ्यांना दिसेल इतकी सैल लोंबली पाहिजे, म्हणजे हात फक्त स्वतःच्या स्प्रिंगवर उभा आहे याची खात्री होते.

केबलवाली रेस्ट लावायची एक सोपी रीत. धनुष्य ड्रॉ बोर्डवर, म्हणजे विंच लावलेल्या फळीवर चढवा. बोर्ड नसेल तर बाण लावून, लक्ष्यासमोर उभं राहून, जोडीदाराला बाजूने बघायला सांगून करा. बाणाशिवाय ओढलेली स्ट्रिंग हातातून निसटली तर लिम्ब आणि कॅम दोन्ही जाऊ शकतात. दोरीचा क्लॅम्प इतपतच आवळा की जोर आला तर दोरी त्यातून सरकेल. सुरुवातीला दोरी थोडी आखूडच ठेवा. सावकाश फुल ड्रॉला जा. हात वर टेकला की केबल उरलेली वाट चालताना क्लॅम्पमधून दोरी सरकवते आणि बरोबर हवी तेवढी लांबी आपोआप मिळते. परत आणा, त्या लांबीतून ३ ते ५ मि.मी. आखूड करा, क्लॅम्प पक्का आवळा. आता तपासणी: फुल ड्रॉला रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) कडेशी बाणावर पेन्सिलची एक खूण करा आणि पुढच्या वेळी ओढताना ती खूण त्या कडेपासून किती लांब असताना हात हलायचा थांबला ते जोडीदाराने पाहायचं. शेवटचे २५ ते ५० मि.मी. उरलेले असताना हात पूर्ण वर आला तर ठीक. तुमच्या रेस्टच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. १०० मि.मी. उरले असतानाच हात उभा असेल तर घासण्याचं कारण सापडलं.

यातली एक चूक वरचेवर दिसते. घासू नये म्हणून नाही, तर ‘हात नीट उभा राहावा’ म्हणून दोरी जबरदस्त आवळली जाते. मग हात टेकल्यावरही केबल पुढे जायला बघते आणि दोरी तिला अडवते. फुल ड्रॉची भिंत रबरासारखी मऊ लागते, दोन्ही कॅम एकाच वेळी थांबेनासे होतात आणि शेवटी दोरी तुटते किंवा सरकते.

सगळं जमल्यावर क्लॅम्प काढून दोरी केबलमध्येच ओवून टाकली तर जास्त चांगलं. धनुष्य प्रेसमध्ये (लिम्ब दाबून केबल सैल करणाऱ्या साधनात) घेऊन केबलचे धागे अर्धेअर्धे करा, मधून दोरी काढा, गाठ मारा, टोक लायटरने वितळवा (केबलपासून दूर, ती आचेने क्षणात खराब होते) आणि सर्व्हिंगचा धागा गुंडाळा. धागा कुठल्या बाजूला जास्त, हे महत्त्वाचं. ओढताना केबल खाली जाते आणि दोरी तिला वर धरते, त्यामुळे दोरीची गाठ केबलवर नेहमी वरच्या दिशेला घसरू पाहते. म्हणून गाठीच्या वर किमान १२-१५ घट्ट वेढे. खाली चार-पाच पुरतात.

वेळ जुळवली, दोरीही बरोबर आहे. तरी पावडरीत खूण येतेच. फोनने स्लो-मोशन काढली तर हात खाली पडलेला दिसतो. (नागपूर)

हात पडतोय, पण पडून उसळतोय असा संशय घ्यायला जागा आहे. फोनला तो दिसत नाही याचं कारण आकड्यांत आहे. २८० फूट प्रतिसेकंद वेगाचा बाण म्हणजे सुमारे ८५ मीटर प्रतिसेकंद. २८ इंच ड्रॉ आणि ७ इंच ब्रेस हाइट (न ओढता मूठ ते स्ट्रिंग अंतर) असेल तर स्ट्रिंग बाणाला सुमारे अर्धा मीटर ढकलते आणि हा प्रवास १२ मिलिसेकंदांच्या आसपास संपतो. २४० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची, म्हणजे सगळा खेळ तीन फ्रेममध्ये. बाण स्ट्रिंगवरून सुटल्यावर मिलिसेकंदभरात पिसं रेस्टपाशी येतात आणि ५ सेंटीमीटरचं पीस तिथून अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदात निघून जातं. एका फ्रेममध्ये हात खाली, पुढच्या फ्रेममध्येही खाली. मधल्या ४ मिलिसेकंदांत तो वर येऊन गेला असेल तर तुमच्या फोनला पत्ताच नाही. ९६० फ्रेम देणारा फोन आणि दुपारचं कडक ऊन असेल तर थोडंफार कळतं.

त्यापेक्षा उपाय करूनच बघा. हात जिथे आपटतो तिथे दीड-दोन मि.मी. जाडीचं, पाठीला गोंद असलेलं फेल्ट चिकटवा. कडक रबर नको, रबर उसळी वाढवतं. फेल्ट लावून पावडरची खूण गेली तर उसळीच होती. खूण कमी झाली पण गेली नाही, तर स्प्रिंगचा ताण बदलता येत असेल तिथे एक टप्पा वाढवा. एकदम शेवटच्या टप्प्यावर नेऊ नका, हात जितका जोरात आपटेल तितका उसळेल. बिजागरीत धूळ गेली तर हात मंदावतो. बोटाने वर करून सोडला की तो एका झटक्यात पडला पाहिजे. रेंगाळत पडत असेल तर उघडून पुसा आणि कोरडं वंगण लावा. शिलाई मशीनचं तेल टाकायचा मोह आवरा, त्यावर मैदानाची माती आठवड्यात चिकटते.

रंगीत पीस (बाणाच्या तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं) वर ठेवायचं की खाली? (कोल्हापूर)

ड्रॉप-अवेवर कुठेही चालतं असं सांगितलं जातं. हात वेळेवर पडत असेल तर ते खरंही आहे, पण हिशेब करून बघा. समजा बाण ६ मि.मी. जाड आहे आणि पिसाची उंची १४ मि.मी. म्हणजे मध्यापासून पिसाच्या टोकापर्यंत १७ मि.मी. रंगीत पीस सरळ खाली ठेवलं तर ते बाणाच्या पोटाखाली १४ मि.मी. लोंबतं. तेच सरळ वर ठेवलं तर उरलेली दोन पिसं ६० अंशांनी बाजूला जातात आणि पोटाखाली फक्त साडेपाच मि.मी. येतात. तेवढ्याच हाताला साडेआठ मि.मी. जास्त मोकळीक, ती पण फुकट.

अडचण केबलची. रंगीत पीस वर असताना उजवं पीस खाली-उजवीकडे जातं, आणि काही धनुष्यांत केबल नेमकी तिथेच असते. पावडरीत ती खूण दिसली तर नॉक १५-२० अंशांनी फिरवा आणि सगळ्या बाणांचे नॉक तेवढेच फिरवा. केबल गार्ड (केबल बाणापासून बाजूला धरणारी दांडी) थोडा बाहेर नेणं हा दुसरा मार्ग, पण त्याने केबलचा बाजूचा ताण वाढतो आणि बाण डावी-उजवी जायला लागू शकतो. आधी नॉक.

चार पिसांचे बाण घेतले तर? (ठाणे)

फुलीसारखी, म्हणजे ४५ अंशांवर ठेवा. वरच्याच मापात ती पोटाखाली ९ मि.मी. येतात. चार पिसं घेताना उंची कमी घ्यायची असते, १० मि.मी. उंचीची घेतलीत तर सहा मि.मी.च्या थोडं वर. म्हणजे फायदा-तोटा जवळपास सारखाच. घासतंय म्हणून पिसं बदलायची गरज नाही.

घासलं तरी बाण पिवळ्यातच जातो. मग एवढा खटाटोप कशाला? (जळगाव)

१८ मीटरवर जात असेल. पीस लागून वाकडा झालेला बाण पिसं पुढे सावरून घेतात, म्हणून जवळून फरक जाणवत नाही. ५० मीटरवर ८० सेंटीमीटरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं असतं आणि ठोकर काही दर वेळी मोजून तेवढीच बसत नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामना १५० विरुद्ध १४९ असा जिंकला. पंधरा बाण, पंधरा दहा. समोरच्याचा एकच बाण नवात गेला होता.

सकाळी सगळं ठीक असतं, दुपारनंतर पावडरीत खूण यायला लागते. (नाशिक)

धनुष्य गाडीत तापतं का? बंद गाडीच्या उन्हात स्ट्रिंग आणि केबल ढिल्या पडतात, क्लॅम्पमधली दोरी सरकते. दोरी केबलला जिथे मिळते तिथे, वर आणि खाली, पांढऱ्या मार्करने बारीक ठिपके द्या. दुपारी ठिपका हललेला दिसला तर दोष तिथेच. नवी दोरी पहिल्या ३०-४० बाणांत थोडी बसतेच, तेव्हा नवीन दोरी लावून त्याच दिवशी स्पर्धेला जाऊ नका.

हे सगळं सोडून ब्लेडची, म्हणजे पातळ पातीची रेस्ट घेऊ का? (मडगाव)

लक्ष्यावरच्या तिरंदाजीसाठी घ्यायला हरकत नाही. कंपाउंडचे बरेच स्पर्धक ब्लेडच वापरतात. तिच्यात दोरी नाही, वेळ नाही, बिघडायला फारसं काही नाही. पण ब्लेड खाली पडत नाही, ती बाणाच्या भाराने फक्त लवते. त्यामुळे रंगीत पीस सरळ वरच हवं, म्हणजे खालची दोन पिसं पातीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. इथे नॉक दोन-तीन अंश फिरलेलाही पावडरीत दिसतो. पातीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, ८, १० आणि १२ या नेहमीच्या. हलक्या बाणाला जाड पाती घेतली तर ती लवत नाही आणि बाण तिच्यावरून उसळतो. जड बाणाला पातळ घेतली तर फुल ड्रॉलाच डगमगते. पाती ३० ते ४५ अंशांच्या कोनात बसवा आणि पावडरची चाचणी हिचीही करा. समुद्राजवळ राहता, तर सरावानंतर पाती कोरड्या फडक्याने पुसून ठेवा आणि एक सुटी पाती पेटीत असू द्या. गंजलेली पाती वाकत नाही, तुटते.